अफूजन्य वेदनाशामके : भीतीही नको, हलगर्जीही नको
डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली मॉर्फिन, ट्रामाडॉल, फेंटानिल यांसारखी औषधे घरी सुरक्षितपणे कशी घ्यावीत

लखनौ : उत्तर प्रदेशच्या राजधानीला लागून पूर्वेकडे बाराबंकी जिल्हा आहे. हिवाळा सरत आला की तेथील काही शेतांत अफूची पांढरी फुले डोलू लागतात. ही शेती केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्याने होते आणि बोंडांना चिरा देऊन काढलेला चीक सरकारलाच विकावा लागतो. १८२० पासून चालत आलेला गाझीपूरचा सरकारी अफू कारखानाही याच राज्यात आहे. मॉर्फिन आणि कोडीन ही वेदनाशामके अफूतूनच मिळतात. असे असूनही लखनौच्या मोठ्या रुग्णालयांतून कर्करोगाचा रुग्ण घरी निघतो, तेव्हा त्याच्या हातातील मॉर्फिनच्या गोळीकडे घरचे लोक अनेकदा संशयानेच पाहतात. ‘याची सवय लागेल’, ‘ही शेवटची गोळी असते’, असे म्हणत गोळी कपाटात पडून राहते आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. दुसऱ्या घरात नेमके उलटे घडते. दाढदुखीसाठी किंवा कंबरदुखीसाठी शेजाऱ्याने दिलेली गोळी कोणालाही न विचारता घेतली जाते आणि पुढे तिच्याशिवाय दिवस जात नाही.

या दोन्ही घरांची चूक एकाच अज्ञानातून आलेली आहे. अफूजन्य वेदनाशामके ही विषेही नाहीत आणि साधी अंगदुखीची गोळीही नाहीत. त्यांचे प्रमाण, वेळ, सोबतची इतर औषधे आणि गोळी ठेवण्याची जागा या चार गोष्टी सांभाळल्या, तर ती असह्य वेदना सुसह्य करतात. त्या सांभाळल्या नाहीत, तर तीच औषधे श्वास थांबवू शकतात.

ही औषधे नेमके काय करतात

मेंदू, मज्जारज्जू आणि आतडी यांतील पेशींवर विशिष्ट ग्राहके असतात. शरीर स्वतः तयार करीत असलेली वेदनाशामक द्रव्ये या ग्राहकांना चिकटतात आणि वेदनेचा संदेश मंदावतो. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन आणि ऑक्सिकोडोन ही औषधे त्याच ग्राहकांवर काम करतात. त्यांपैकी काही अफूतून मिळतात, तर काही कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने बनतात. या सर्व गटाला ओपिऑइड म्हणतात.

श्वासाची लय सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातही हीच ग्राहके असतात. म्हणून मात्रा जास्त झाली की आधी गुंगी येते आणि मग श्वास मंदावतो. आतड्यांतील ग्राहकांमुळे आतड्यांची हालचाल मंद होते आणि बद्धकोष्ठता होते. औषधाचा गुण आणि त्याचा धोका असे एकाच मुळातून येत असल्यामुळे केवळ गोळी चांगली की वाईट, असा प्रश्न विचारून भागत नाही. ती कोणासाठी, किती आणि कशासोबत घेतली जात आहे, हे विचारावे लागते.

शस्त्रक्रियेनंतरची तीव्र वेदना, मोठी इजा, भाजणे, कर्करोग आणि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील धाप यांसाठी या औषधांचा उपयोग निर्विवाद आहे. जुनाट कंबरदुखी, सांधेदुखी किंवा वारंवार होणारी डोकेदुखी यांसाठी मात्र ती पहिला उपाय ठरत नाहीत. अशा दुखण्यांत व्यायाम, फिजिओथेरपी आणि इतर गटांतील औषधे आधी वापरली जातात.

कायद्याचा कडकपणा आणि त्याची किंमत

भारतात १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजेच एनडीपीएस कायदा, लागू झाला. तस्करीला आळा घालणे हा त्याचा हेतू होता. परंतु राज्याराज्यांत परवान्यांची संख्या आणि शिक्षेची भीती इतकी वाढली की रुग्णालयांनी आणि औषध विक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. १९८५ ते १९९७ या काळात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. वेदनाशमनाचे प्रशिक्षण न मिळालेली डॉक्टरांची एक पिढी याच काळात घडली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने देशोदेशींच्या वेदनाशमनाचा हिशेब मांडला. भारतातील रुग्णांच्या गरजेच्या जेमतेम चार टक्के इतकीच अफूजन्य वेदनाशामके त्यांच्यापर्यंत पोहोचतात, असे त्यात दिसले.

संसदेने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे पुढे ‘अत्यावश्यक नार्कोटिक औषधे’ ठरली. त्यांच्यासाठी देशभर एकच नियमावली आली आणि निरनिराळ्या परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी ठरली. अशी मान्यता मिळालेल्या रुग्णालयाला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणतात. तेथे प्रशिक्षित डॉक्टर असणे आणि औषधाच्या प्रत्येक गोळीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २.१ टक्के भारतीय कोणत्या ना कोणत्या ओपिऑइडचे सेवन करीत होते. त्यांत औषधी गोळ्या, सिरप आणि इंजेक्शने वापरणाऱ्यांचे प्रमाण जवळपास एक टक्का होते. ज्या राज्यांत या व्यसनाने ग्रासलेल्यांची संख्या सर्वाधिक आढळली, त्यांत उत्तर प्रदेश होता आणि महाराष्ट्रही होता.

त्यामुळे नियम एकीकडे सैल आणि दुसरीकडे घट्ट होत गेले. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘परिशिष्ट एच-१’मध्ये ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी औषधे आली. ती विकताना रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपणे औषध विक्रेत्यावर बंधनकारक झाले. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या संयुक्त गोळ्यांचे उत्पादन आणि निर्यात यांना केंद्राने पायबंद घातला. औषध विक्रेता चिठ्ठी मागतो आणि वहीत नाव लिहितो, तेव्हा तो रुग्णावर संशय घेत नसून कायद्याचे पालन करीत असतो, हे लक्षात घ्यावे.

लखनौ सोडण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

रायबरेली रस्त्यावरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि चौक भागाजवळचे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ यांच्याकडे गोरखपूर, बलिया, बहराइचपासून बिहार आणि नेपाळपर्यंतचे रुग्ण येतात. तपासणी लखनौत होते, पण गोळी घ्यावयाची असते शेकडो किलोमीटर दूरच्या गावात. नागपूर किंवा मुंबईतून उपचार घेऊन यवतमाळ, गडचिरोली, नांदेडकडे परतणाऱ्या कुटुंबांची स्थितीही याहून वेगळी नसते. म्हणून बाह्यरुग्ण विभागातून बाहेर पडण्यापूर्वीच काही गोष्टी स्पष्ट करून घेणे हिताचे असते.

पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टरांना संपूर्ण माहिती देणे. दमा, घोरणे किंवा झोपेत श्वास अडखळणे, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार, फिट येणे, गर्भारपण किंवा अंगावर पाजणे, पूर्वीचे दारूचे किंवा अन्य व्यसन यांपैकी काहीही लपवू नये. मूत्रपिंडे कमजोर असतील तर मॉर्फिनचे घटक शरीरात साचत जातात आणि नेहमीची मात्राही जास्त ठरते. ट्रामाडॉलमुळे फिट येण्याचा धोका वाढतो. कोडीनचे शरीरात मॉर्फिनमध्ये रूपांतर होते. काहींच्या शरीरात हे रूपांतर फार वेगाने होते, म्हणून १२ वर्षांखालील मुलांना आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना ते देणे टाळले जाते. व्यसनाचा पूर्वेतिहास सांगितल्याने वेदनाशामक नाकारले जात नाही. त्यामुळे डॉक्टरांना योग्य औषध निवडता येते आणि देखरेख ठेवता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे चालू असलेल्या सर्व गोळ्या दाखवणे. तिसरी, गोळी किती तासांनी घ्यावयाची, अधूनमधून वेदना उसळली तर जादा मात्रा घ्यावी की नाही आणि घ्यावी तर किती, हे कागदावर लिहून घेणे. चौथी, पुढचे औषध गावाजवळच्या कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेत मिळेल, याची चौकशी करणे. औषध अचानक संपणे हे रुग्णासाठी वेदनेइतकेच त्रासदायक असते, म्हणून ही चौकशी शेवटची गोळी उरण्यापूर्वीच व्हावी.

गोळी घेताना

सतत राहणाऱ्या कर्करोगाच्या वेदनेत औषध घड्याळाप्रमाणे दिले जाते. वेदना असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी घेतली, तर वेदना आटोक्यात आणणे कठीण जाते. मॉर्फिनची साधी गोळी सामान्यतः दर चार तासांनी आणि दीर्घकाळ काम करणारी गोळी बहुधा बारा तासांनी दिली जाते. यांतील दुसऱ्या प्रकारची गोळी कधीही चावू नये, कुटू नये किंवा तिचे तुकडे करू नयेत. बारा तासांत हळूहळू सुटावयाचे औषध त्यामुळे एकदमच रक्तात उतरते. रुग्णाला गिळता येत नसेल, तर गोळी वाटून देण्याऐवजी डॉक्टरांकडून दुसरा पर्याय घ्यावा.

फेंटानिलची त्वचेवर लावावयाची पट्टी साधारणतः तीन दिवस चालते. तिचा पुरेसा परिणाम दिसायला बारा ते चोवीस तास लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी ‘काही फरक नाही’ असे समजून दुसरी पट्टी लावू नये. उष्णतेने पट्टीतील औषध अधिक वेगाने शरीरात जाते. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, उन्हात बसू नये आणि जास्त ताप आल्यास डॉक्टरांना कळवावे. नवी पट्टी लावण्यापूर्वी जुनी काढली आहे ना, हे पाहावे.

एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. ट्रामाडॉल प्रौढांमध्ये दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे नेले जात नाही आणि वृद्धांमध्ये ही मर्यादा आणखी खाली असते. बाजारातील ट्रामाडॉलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलही मिसळलेले असते. त्यासोबत तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली, तर नकळत मात्रा दुप्पट होऊन यकृताला इजा पोहोचू शकते. पाकिटावर दोन औषधांची नावे असतील तर दोन्ही वाचावीत.

मळमळ आणि गुंगी बहुतेकांना सुरुवातीचे काही दिवसच जाणवते. या दिवसांत दुचाकी चालवू नये, यंत्रावर काम करू नये आणि वृद्ध व्यक्तीला रात्री एकट्याने उठू देऊ नये. बद्धकोष्ठता मात्र औषध सुरू असेपर्यंत राहते. म्हणून रेचक औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत दिले जाते. त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये आणि रेचक ‘अनावश्यक’ म्हणून वगळू नये. कित्येक रुग्ण वेदनेमुळे नव्हे, तर बद्धकोष्ठतेला कंटाळून मॉर्फिन सोडतात.

सर्वांत घातक मिश्रण

अफूजन्य औषधाने झालेल्या मृत्यूंमागे अनेकदा ते एकटे नसते. दारू, झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम किंवा डायझेपामसारखी चिंता कमी करणारी औषधे, तसेच प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन ही मज्जातंतूंच्या वेदनेची औषधे यांमुळेही गुंगी येते. अफूजन्य औषधासोबत ती घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. काही रुग्णांना दोन्ही औषधे एकत्र देणे आवश्यक असते. तेव्हा मात्रा कमी ठेवून डॉक्टर लक्ष ठेवतात. स्वतःच्या मनाने हे मिश्रण करणे मात्र जिवावर बेतू शकते. नैराश्यावरील काही गोळ्यांसोबत ट्रामाडॉल घेतल्यास थरथर, तीव्र ताप, घाम आणि बेचैनी असा निराळाच गंभीर त्रास उद्भवू शकतो.

धोक्याची चिन्हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावीत. हाक मारूनही आणि हलवूनही रुग्ण जागा होत नाही. श्वास मिनिटाला दहापेक्षा कमी पडतो किंवा अडखळतो. घशातून घरघर ऐकू येते. ओठ व नखे निळसर होतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. अशा वेळी पुढची गोळी देऊ नये आणि पट्टी असल्यास काढून टाकावी. तोंडात पाणी, दूध किंवा लिंबू घालू नये आणि उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. श्वास चालू असेल तर रुग्णाला कुशीवर झोपवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि श्वास मोजत त्याच्याजवळच थांबावे. श्वास थांबल्यास फोनवरील सूचनांप्रमाणे कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करावा. औषधाचे पाकीट सोबत न्यावे. रुग्णालयात नॅलोक्झोनचे इंजेक्शन देऊन हा परिणाम उलटवता येतो. तथापि नॅलोक्झोनचा प्रभाव लवकर ओसरतो आणि दीर्घकाळ काम करणारे औषध शरीरात उरलेले असू शकते. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला तरी लगेच घरी नेण्याचा आग्रह धरू नये.

सवय, अवलंबित्व आणि व्यसन

कुटुंबांच्या भीतीमागे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत असते. काही काळानंतर तेवढ्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागणे ही शरीराला झालेली सवय होय. औषध अचानक थांबवल्यास घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी आणि निद्रानाश होणे हे शारीरिक अवलंबित्व होय. काही आठवडे नियमित औषध घेणाऱ्या बहुतेकांत ते निर्माण होते आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. व्यसन याहून वेगळे असते. वेदना नसतानाही औषधाची ओढ लागणे, चिठ्ठीपेक्षा जास्त घेणे, दोन-तीन डॉक्टरांकडून तेच औषध मिळवणे आणि काम व नाती बिघडत असूनही न थांबणे ही त्याची लक्षणे होत. कर्करोगाच्या रुग्णाला देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनमुळे व्यसन लागण्याची शक्यता कमी असते. शिवाय मॉर्फिन सुरू होणे म्हणजे अंत जवळ आला, असे नव्हे. वेदना कमी झाल्यावर रुग्ण जेवतो, झोपतो आणि पुढचे उपचार सोसू शकतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या काही दिवसांच्या औषधाबाबत नियम सरळ आहे. शक्य तितकी कमी मात्रा, शक्य तितके कमी दिवस. अनेक आठवडे चाललेले औषध मात्र एकदम बंद करू नये. डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने उतरवतात. काही दिवस खंड पडल्यानंतर पूर्वीचीच मोठी मात्रा पुन्हा घेणे विशेष धोक्याचे असते, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते.

व्यसनाची शंका आल्यास ते लपवण्यात वेळ दवडू नये. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात व्यसनमुक्तीचे उपचार होतात. देशभरातून १४४४६ या व्यसनमुक्ती मदत क्रमांकावर आणि १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर सल्ला मिळतो. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर औषधोपचार आहेत.

उरलेल्या गोळ्यांचे काय

एका रुग्णासाठी मोजून दिलेली मात्रा दुसऱ्यासाठी प्राणघातक ठरू शकते. मॉर्फिनची सवय झालेल्या वृद्धाची एक गोळी लहान मुलाचा श्वास थांबवू शकते. म्हणून ही औषधे देवळीत, उशाखाली किंवा फ्रिजवर न ठेवता कुलपात ठेवावीत आणि घरातील एका जबाबदार व्यक्तीने गोळ्या मोजून वहीत नोंद करावी. कोणाचेही दुखणे पाहून कळवळा आला तरी गोळी देऊ नये. वापरलेल्या फेंटानिलच्या पट्टीतही बरेच औषध उरते. ती चिकट बाजू आत येईल अशी दुमडून मुलांच्या आवाक्याबाहेर टाकावी लागते.

रुग्ण बरा झाल्यावर किंवा त्याचे निधन झाल्यावर उरलेल्या गोळ्यांचा प्रश्न येतो. शोकाच्या दिवसांत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि नेमक्या त्याच वेळी त्या चुकीच्या हाती पडू शकतात. ज्या संस्थेने औषध दिले, तिच्याशी संपर्क साधून ते परत करण्याबाबत विचारावे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत १७ औषधांची यादी दिली आहे. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल यांचा त्यात समावेश आहे. परत करण्याची सोय नसल्यास ही औषधे कचऱ्यात न टाकता शौचालयात टाकून पाणी सोडावे, असे त्या सूचना सांगतात. इतर बहुतेक औषधांबाबत असे करणे अयोग्य मानले जाते. येथे मात्र एका गोळीनेही जीव जाऊ शकत असल्याने हा अपवाद केला आहे.

बाराबंकीच्या शेतापासून रुग्णाच्या उशापर्यंतच्या प्रवासात या औषधावर पावलोपावली पहारा असतो. शेतकऱ्याचा परवाना, कारखान्याचे कुलूप, रुग्णालयाची नोंदवही आणि औषध विक्रेत्याची वही असे ते टप्पे आहेत. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र हा पहारा कुटुंबालाच द्यावा लागतो. वेळेवर दिलेली गोळी, मोजलेला श्वास आणि बंद केलेले कपाट एवढ्यावर रुग्णाची शांत झोप आणि घरातील मुलांची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.